चित्रकलेचा उसना तास

"सर, आज तुमचा तास मी घेऊ का? पोर्शन राहिलाय."

हे वाक्य मी ३१ वर्षं ऐकलं. जूनमध्ये नाही, जूनमध्ये सगळ्यांकडंच भरपूर वेळ असतो. गणपती गेले की सुरुवात व्हायची, दिवाळीनंतर जोर धरायचा आणि जानेवारीत तर विचारण्याचीही रीत उरायची नाही. रंगीत खडूंचा डबा घेऊन मी वर्गाच्या दारात पोचावं, तर आत फळ्यावर त्रिकोणमिती चाललेली. बाई मानेनंच खुणावायच्या, मी मानेनंच होकार द्यायचो आणि परत फिरायचो. मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं त्या वेळी माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची, ती नजर काही मला कधी कागदावर उतरवता आली नाही.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. कोल्हापुरात एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली, नोकरीला लागलो आणि चार वर्षांपूर्वी त्याच शाळेतून निवृत्त झालो. शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. शाळा चांगली होती. शिक्षक वेळेवर यायचे, दहावीचा निकाल उत्तम लागायचा, स्नेहसंमेलन दणक्यात व्हायचं. वाईट शाळेबद्दल कुणीही लिहील. मी चांगल्या शाळेत काय होतं ते लिहितोय.

एका वर्षी नववी 'ब'च्या तासांची मी वहीत नोंद ठेवली. झालेल्या तासाला निळी फुली, उसन्या दिलेल्या तासाला तांबडी. मार्चमध्ये पान उघडलं तर निळ्यापेक्षा तांबडंच जास्त. रंगसंगती म्हणून पान वाईट नव्हतं. हेडसरांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, हसले आणि म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. पण निकाल लागतो त्या दिवशी संस्थेच्या सचिवांचा फोन येतो, तेव्हा ते मला चित्रकलेचं विचारत नाहीत." हेडसर खरं तेच बोलत होते. उसना दिलेला तास मला एकदाही परत मिळाला नाही, हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी चहा मागवला.

स्नेहसंमेलनाचा फलक दर डिसेंबरात मी लिहायचो. फ्लेक्स आले नव्हते तोवर कापडावर, ऑइलपेंटनं. त्यावर एक ओळ ठरलेली असायची: 'विद्यार्थ्यांच्या सुप्त कलागुणांना वाव देण्यासाठी'. 'सुप्त'मधलं जोडाक्षर काढताना ब्रश छान वळतो, म्हणून ती ओळ मला आवडायचीही. पण वाव म्हणजे जागा, आणि कुणाला किती जागा आहे हे शाळेच्या फलकावर नसतं, ऑफिसबाहेर डकवलेल्या वेळापत्रकात असतं. तिथं चित्रकला ३५ मिनिटांची, तीही दुपारची, पोरं पेंगुळलेली असतात तेव्हाची. वर्गात ६२ मुलं. हजेरी, कागद वाटणं, पाणी आणायला दोघं गेलेली, कुणाची तरी वाटी कुणाच्या तरी दप्तरावर सांडलेली. उरतात २० मिनिटं. भागाकार करून बघा, एका मुलाच्या चित्राकडं बघायला २० सेकंदही येत नाहीत. एवढ्यात फार तर 'छान' म्हणता येतं, नाहीतर 'मोठं काढ'. मी आयुष्यभर हे दोनच शब्द शिकवले की काय, अशी शंका मला अलीकडं येते.

तासाबाहेर मात्र मला तोटा नव्हता. जयंतीचं फलकलेखन, प्रमाणपत्रांवरची नावं, मतदार जागृतीची पोस्टरं, मुतारीच्या भिंतीवर स्वच्छतेची घोषणा, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी. एकदा तर एका संचालकांच्या पुतण्याच्या लग्नातला स्टेजमागचा पडदाही. शाळेला पेंटर हवा होता आणि त्याच्यासोबत शिक्षक फुकट मिळत होता. पीटीच्या सरांचं वेगळं नव्हतं. प्रार्थनेच्या रांगा, गेटवर उशिरा येणाऱ्यांना अडवणं, सहलीच्या बसमध्ये डोकी मोजणं. त्यांना मी एकदा विचारलं, मुलांना पळायला कधी शिकवता? म्हणाले, "गेटवर मला बघून पळतात तेवढंच."

आता माझ्या स्वतःच्या पापाकडं येतो.

शासनाच्या रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कुणीतरी दिलेल्या असतात. कला संचालनालय त्या घेतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. पूर्वी या परीक्षांना बसणाऱ्या मुलाच्या घरी एकच प्रश्न असायचा, चित्रं काढून पोट भरतं का? पुढं नियम आला: इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. एका वर्षात माझी किंमत वाढली. जे पालक मला रस्त्यात ओळखत नव्हते ते गाडी थांबवून "सर, आमच्या बंड्याचं इंटरमिजिएटचं बघा" म्हणायला लागले. शाळेनं मला एक खोली दिली, दोन कपाटं दिली. हे सगळं त्या ७ गुणांनी केलं. त्यांची टिंगल करताना मी हे विसरत नाही.

पण गुण आले आणि मीही बदललो. स्मरणचित्रात प्रसंग रंगवायचा असतो, त्यात माणसं हवीत. खेड्यातल्या मुलाला माणूस काढायची भीती वाटते. मग मी एक जुगाड केला. तीन माणसं पाठ करून घेतली: एक फुगेवाला, एक पाठमोरी बाई, एक तिचं बोट धरलेलं पोर. चेहरा काढावा लागू नये म्हणून बाई पाठमोरी. एसटी स्टँडचा विषय आला तर फुगेवाल्याच्या हातात ट्रंक द्यायची, भाजीबाजार आला तर डोक्यावर टोपली ठेवायची, वृक्षारोपण आलं तर फुगे काढून रोप द्यायचं. पोरं हे त्रिकूट डोळे मिटून काढायची. श्रेणी यायला लागल्या. शाळेच्या फलकावर 'यशाची उज्ज्वल परंपरा' असं मीच लिहिलं. माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली असतील, त्या सगळ्यांच्या चित्रांत तीच बाई पाठ करून उभी आहे.

निवृत्तीच्या काही वर्षं आधीची गोष्ट. दिवाळीनंतर आठवीत एक मुलगा आला. आईवडील बीडकडचे, टोळीबरोबर ऊसतोडीला आलेले. हातात स्थलांतरित मुलांचं शिक्षण हमी कार्ड. आमच्या भागात कारखान्यांचे बॉयलर पेटले की अशी पोरं शाळेत येतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात निघून जातात. काही येतही नाहीत, कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकटी भावंडं सांभाळतात. हा यायचा. शेवटच्या बाकावर बसायचा, बोलायचा नाही. इतर पोरं त्याला नावानं हाक मारत नव्हती, 'टोळीवाला' म्हणायची. मला हे माहीत होतं, मी काही केलं नाही, हेही इथंच लिहून टाकतो.

एके दिवशी तास चक्क माझा मलाच मिळाला. स्मरणचित्राला विषय दिला, 'ऊसतोडणी'. सोपा विषय, खिडकीतून ऊस दिसतो. ६२ पोरांनी खाली हिरवे पट्टे ओढले, वर निळं आभाळ, मधे फुगेवाला, हातात फुग्यांऐवजी कोयता. मी रांगांमधून फिरत मागे गेलो.

त्याच्या कागदावर ऊस नव्हता. कागदाच्या वरच्या कडेला एक आडवा जाड पट्टा होता, काळा केलेला. त्याखाली दोन्ही बाजूंना अर्धे कापलेले गोल, त्यांच्यावर तिरप्या खाचा. मधे आठ काठ्या उभ्या, खाली जरा रुंद. त्यांच्यापलीकडं पुन्हा तसलेच गोल, लहान, आणखी पलीकडं आणखी लहान. अगदी वर कोपऱ्यात एक दिवा, आणि त्याचा उजेड दाखवायला त्यानं पेन्सिल लावली नव्हती, बाकीचा कागद काळा करून तेवढाच पांढरा सोडला होता.

मला उलगडायला वेळ लागला. ती टायरगाडी होती, खालून बघितलेली. आडवा पट्टा म्हणजे गाडीचा तळ. खाचा म्हणजे टायरची नक्षी. आठ काठ्या म्हणजे बैलजोडीचे पाय. पलीकडं गाड्यांची रांग, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागायची वाट बघत उभी. रात्री नंबर लागत नाही तेव्हा गाडीवान गाडीखालीच अंथरूण टाकतो. पोरगाही बापाबरोबर तिथंच झोपत असणार.

यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान कसं दाखवायचं, हे शिकवायला मला तीन आठवडे लागायचे आणि तरी अर्ध्या वर्गाच्या रेल्वेचे रूळ आभाळात जायचे. हा पोरगा ते गाडीखाली पडल्या पडल्या शिकला होता. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं, असं लिहिलं तर माझी लाज राहील. पण त्या क्षणी मी काय म्हणालो, ते असं: "माणसं कुठायत? माणसं पाहिजेत चित्रात. तीन."

तो म्हणाला, "झोपल्यात की सर."

"मग झोपलेली काढ."

"मी गाडीखाली झोपलोय सर. मला मी कसा दिसंल?"

वर्ग हसला. मीही हसलो. घंटा व्हायला सात-आठ मिनिटं होती आणि दोन ओळी अजून बघायच्या राहिल्या होत्या. मी त्याचा खोडरबर उचलला, पुढच्या बाकावरच्या पोरीचं चित्र दाखवलं आणि म्हणालो, "असं काढ. परीक्षेत असं लागतं."

त्यानं खोडलं. ओल्या बोटानंही घासलं. मग त्यावर फुगेवाला काढला, हातात कोयता दिला. कागद जमा झाला, मी त्यावर 'बरे' लिहिलं.

गंमत अशी, की ज्या परीक्षेत 'असं लागतं' म्हणून मी त्याचं चित्र पुसायला लावलं, त्या परीक्षेला तो बसूच शकत नव्हता. आमच्याकडं ती परीक्षा दिवाळीच्या आधी व्हायची आणि तो यायचा दिवाळीच्या नंतर. त्याच्या गावच्या शाळेत असताना त्यानं फॉर्म भरला असता तर गोष्ट वेगळी, पण तिथं भरणारं कुणी होतं का, मला ठाऊक नाही. मार्चच्या शेवटी टोळी गेली, तोही गेला. पुढच्या हंगामात दुसरी टोळी आली.

तो कागद मी का ठेवला, सांगता येत नाही. कदाचित गठ्ठ्यात राहिला असेल. निवृत्तीनंतर कपाट रिकामं करताना सापडला. खिडकीशी तिरका धरला की फुगेवाल्याच्या पायाखाली पेन्सिलीचे चर दिसतात. पोरानं दाबून काढलं होतं, खोडरबरानं शिसं गेलं, चर गेले नाहीत. टायरच्या खाचा मोजता येतात.

शाळा मुलांच्या निरनिराळ्या आवडींना, हातांतल्या निरनिराळ्या करामतींना वाढवते का, असं मला कुणी विचारलं तर मी हा कागद काढून दाखवतो. शाळेला कलेचा तिटकारा असतो, असं मुळीच नाही. शाळेला कला हवी असते, पण तिच्या तारखेला, तिच्या फॉर्मवर आणि मोजता येईल अशी. जे त्यात बसतं त्याचा सत्कार होतो. जे बसत नाही ते शाळेला दिसतच नाही. त्याला कुणी दाबत नाही, मारत नाही, कुणाच्या मनात वाईट नसतं. मीसुद्धा त्या पोराचं भलंच करत होतो, माझ्या समजुतीनं.

आणि जे दिसतं त्याचंही पुढं काय होतं? आमच्याकडं एक मुलगी होती, खो-खोत असा सूर मारायची की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. जिल्ह्यापर्यंत गेली. नववीचा निकाल लागला आणि घरच्यांनी शूज माळ्यावर टाकले. "दहावीचं वर्ष आहे, सर." हे वाक्य आपल्याकडं मर्तिकासारखं वापरतात, त्यापुढं कुणी बोलत नाही. खेळाडूंनाही दहावीला गुणांची सवलत असते, शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्यांनाही असते. त्यामुळं घरच्यांनी आधी हिशेब केला, प्रमाणपत्र पदरात आहे ना? आहे. मग आता खेळायचं कशाला? ज्या गुणांनी तिला मैदानावर ठेवायचं, त्यांनीच तिला घरी बसवलं.

दुसरा एक होता, त्याचे गुण कुठल्याच फॉर्मवर नव्हते. शाळेचा जुना अहुजाचा ॲम्प्लिफायर ऐन १५ ऑगस्टला खरखरायचा, तेव्हा मैदानातून फक्त त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा. तो यायचा, मागचं झाकण काढायचा, कुठंतरी फुंकर मारायचा आणि राष्ट्रगीत सुरू व्हायचं. विज्ञानात तो नापासाच्या काठावर. विज्ञानाचे सर त्याला 'वायरमन' म्हणायचे, शिवी दिल्यासारखं. ती कौतुकाची हाक असू शकते, हे आमच्या स्टाफरूमला कधी सुचलं नाही.

मी कोल्हापुरात शिकलो, म्हणून मला इथं बाबूराव पेंटर आठवतात. चित्रं काढायचे, मूर्ती घडवायचे, नाटकांचे पडदे रंगवायचे आणि सिनेमा काढायचा म्हटल्यावर त्यासाठी लागणारा कॅमेराच कोल्हापुरात बनवला; १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. हा माणूस आमच्या शाळेत असता तर कुठल्या तासाला बसवला असता? चित्रकलेच्या तासाला पडदे रंगवत असता आणि कार्यानुभवाच्या तासाला कॅमेरा उघडल्याबद्दल पालकांना बोलावणं गेलं असतं.

चित्रकार रझांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मध्य प्रदेशातल्या मंडला भागात लहानपण गेलं, शाळेत लक्ष नसायचं. मास्तरांनी एक दिवस भिंतीवर ठिपका काढला आणि त्याच्याकडं बघत बसायला सांगितलं. पुढं तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मधोमध येऊन बसला. भाषणांत ही गोष्ट सांगतात ती गुरूच्या थोरवीसाठी. मला तिच्यातलं वेगळंच आवडतं. त्या मास्तरांना चित्रकार घडवायचा नव्हताच, एक चुळबुळ्या पोरगा गप्प बसवायचा होता. पण पोराला काही वेळ एका जागी, एका गोष्टीकडं बघत बसू दिलं गेलं आणि त्या वेळात कुणी येऊन "पोर्शन राहिलाय" म्हणालं नाही.

कायद्याचं बघावं तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत कलेचा उल्लेख आहे. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी निदेशक. पण कसले? अर्धवेळ. गणिताला पूर्णवेळ शिक्षक आणि हाताला-पायाला-गळ्याला अर्धवेळ. कायदा लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण त्या एका शब्दानं शाळेला हवं ते कारण मिळालं. अर्धवेळ माणूस वेळापत्रकाच्या बैठकीला नसतो. तो निकालाच्या बैठकीला नसतो. त्याचा तास उसना घ्यायला विचारावंही लागत नाही, कारण तो त्या दिवशी आलेलाच नसतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यात भिंत नको असं स्वच्छ लिहिलंय. सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं जाऊन शिकायचं. वाचून बरं वाटलं. मग मनात आलं, त्याच वर्गात सुताराचं पोर बसलेलं असतं. त्याला पटाशी कशी धरायची ते येतं. आपण वर्गाला सुताराकडं नेणार, फोटो काढणार, पोर्टलवर चढवणार. त्या पोराला उठून दाखवायला सांगणार का? आणि अकराव्या दिवशी?

शहरातल्या शाळांबद्दल मी फार बोलणार नाही, मला त्या बाहेरूनच माहीत आहेत. माझा नातू पुण्यात शिकतो. त्याच्या शाळेच्या माहितीपत्रकात रोबोटिक्स, घोडेस्वारी, पियानो आणि मातीकाम आहे, प्रत्येकासमोर फी आहे. तो आठवड्याला चार क्लासला जातो. मी त्याला विचारलं, तुला काय आवडतं? तो म्हणाला, "रविवार."

गणिताच्या बाईंची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर त्या मला पुन्हा चहाला बोलावणार नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की टोळीतल्या पोराला बाहेर काढायचं असेल तर त्याला अपूर्णांक आले पाहिजेत. मुकादमाची उचल किती, फिटली किती, काट्यावर वजन किती भरलं, हे कळलं पाहिजे. गाडीचं सुंदर चित्र काढून तो गाडीखालून बाहेर येणार नाही. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. त्या चुकीचं बोलत नाहीत. पण मी एवढंच म्हणालो, की तो पोरगा तुमच्या तासाला काय करायचा? त्या म्हणाल्या, काही नाही, खाली मान घालून बसायचा. म्हणजे अपूर्णांकही गेलेच. त्या हंगामात तो शाळेत एकदाच मान वर करून बोलला, तेव्हा वर्ग हसला आणि मास्तर हसला. ज्याला शाळेत एक गोष्ट येते असं एकदा कळलं, तो दुसरी शिकायला बसतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. 'वायरमन'ला ॲम्प्लिफायरची जबाबदारी रीतसर दिली त्या सहामाहीत तो विज्ञानात काठावरून आत आला होता, हे विज्ञानाच्या सरांनीच मला सांगितलेलं आहे.

माझं मागणं मोठं नाही, नवीन योजनेचं तर मुळीच नाही. चित्रकला, संगीत, खेळ यांचा माणूस पूर्णवेळ असावा आणि त्याला फलक लिहायला लावू नये. त्याचा तास सकाळी असावा, पोरं ताजी असताना, आणि तो उसना देता येणार नाही असं हेडसरांनी सहीनिशी लिहून वेळापत्रकाखाली डकवावं. श्रेणी परीक्षेची तयारी शाळा सुटल्यावर करावी, मी फुकट केली असती. तासात ती आणू नये. आठवड्यातून एकदा दोन तास जोडून मिळावेत, त्यांना नाव नसावं, गुण नसावेत, विषय नसावा. त्यात कुणी ॲम्प्लिफायर उघडेल, कुणी झोपेल. झोपू दे. आणि पालकसभेला येणाऱ्यांनी टक्के विचारून झाले की आणखी एक विचारावं, गेल्या महिन्यात चित्रकलेचे किती तास झाले? उत्तर देताना समोरचा वही उघडतो का, तेवढं बघावं.

गेल्या डिसेंबरात काही कागदांसाठी शाळेत गेलो होतो. माझ्या जागी आता एक तरुण येतो, तासिकेवर. प्रवेशद्वाराजवळ शिडीवर उभा होता, हातात माझाच जुना चपटा ब्रश. स्नेहसंमेलनाची ओळ चालली होती, 'सुप्त'पर्यंत आला होता. अक्षर चांगलं आहे त्याचं. मी म्हटलं, तुमचा तास कधी आहे? त्यानं घड्याळ बघितलं.

"आत्ताच आहे, सर. आठवी ब."

"मग वर्गावर कोण आहे?"

"गणिताच्या बाई," तो म्हणाला, आणि ब्रश रंगात बुडवला.